मायेला शहाणपण

मराठीने मायेची आणि वेडाची गाठ फार पूर्वीच बांधून ठेवली आहे. आईची माया वेडी असते, असे आपण कौतुकाने म्हणतो. एखाद्या गोष्टीने जीव वेधून घेतला की तिने वेड लावले म्हणतो. आणि त्याच तोंडाने, एसटी स्टँडच्या बाकावर स्वतःशी बोलत बसलेल्या माणसालाही वेडाच म्हणतो. वेड्याच्या उलट शहाणा. आणि शहाण्याने मायेत गुंतू नये, व्यवहार पाहावा, अशी त्या शब्दाची एक जुनी छटा आहे. भाषेतली ही वाटणी घरातही उतरते. कुणाला स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार झाला की घरची माणसे दोन बाजूंना उभी राहतात. एकीकडे आई, तिचे म्हणणे, माझ्या हातचे खाल्ले की तो शांत असतो, त्याला कुठे पाठवायचे नाही. दुसरीकडे थोरला भाऊ किंवा काका. त्याचे म्हणणे, आता मन घट्ट करा, एकापायी सगळ्यांचे आयुष्य वाया घालवू नका. दोघांचेही दुःख खरे असते. पण माया आणि विचार यांपैकी एकच काहीतरी पदरात पडणार हे दोघांनीही गृहीत धरलेले असते, आणि घोटाळा तिथेच होतो. लक्षणे, औषधे, पुनर्वसन, कायदा यांची माहिती पुढच्या प्रकरणांत आहे. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे: अशा घरात बुद्धी चालवायची ती आजारी माणसावर नव्हे, आपल्या मायेवर.

हे जरा उलगडून सांगायला हवे. भ्रम म्हणजे चुकीची समजूत असे आपल्याला वाटते, आणि चुकीची समजूत पुराव्याने दूर होते हा आपला रोजचा अनुभव असतो. म्हणून घरचे पुरावे देऊ लागतात. शेजारी भिंतीआडून तुझे विचार ऐकतात म्हणतोस ना, मग चल, त्यांच्या घरात जाऊन बघू. टीव्हीवरची बाई तुझ्याबद्दल कशी बोलेल, जरा डोके चालव. जर्मन मनोचिकित्सक कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली भ्रमाच्या ज्या खुणा नोंदवल्या, त्यांत एक ठळक होती: अनुभवाने किंवा युक्तिवादाने तो हलत नाही. वाद घालणाऱ्या घराला भ्रम हरवता येत नाही. तो माणूस मात्र अधिक एकटा पडतो, कारण त्याच्या दृष्टीने आता घरचेही कटात सामील झालेले असतात. शिवाय आपल्याला आजार आहे हे न कळणे हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो. तो हट्ट नसतो, लोकलाजेपोटी केलेला नकारही नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झेवियर अमाडोर यांच्या सख्ख्या भावालाच स्किझोफ्रेनिया होता. २००० साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कुटुंबांना सांगितले की तू आजारी आहेस हे पटवण्याचा नाद सोडा. आधी ऐका, त्याच्या जागी उभे राहून पाहा, दोघांचे ज्यावर एकमत होईल अशी एखादी गोष्ट शोधा (झोप लागत नाही, कामावर परत जायचे आहे) आणि तिच्यासाठी मिळून काही करा. वाचायला हा सल्ला सोपा आहे. पण पोटच्या पोराने जेवणात विष घातल्याचा आळ घेतला असताना तो पाळायचा म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. आईचे मन रडायला, ओरडायला, स्वतःची शपथ घालायला धावते. ते आवरून 'तुला भीती वाटतेय ना, मी इथे बसते' एवढेच म्हणणे, हे विचाराचे काम आहे. मायेवाचून ते होणार नाही, हेही तितकेच उघड आहे.

या म्हणण्याला पुरावा आहे, आणि तो कसा हाती आला हेही सांगण्यासारखे आहे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले गेले आणि पुढच्या काही वर्षांत, वर्षानुवर्षे रुग्णालयात असलेली माणसे घरी परतू लागली. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी अशा पुरुषांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडले. १९५८ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष ऐकून कुणाचाही जीव कासावीस व्हावा. सगळ्यांत जवळच्या नात्यातच सगळ्यांत जास्त धोका? ब्राउन आणि त्यांचे सहकारी या प्रश्नामागे लागले. घरच्यांच्या दीर्घ मुलाखती घेऊन ते काय बोलतात याबरोबरच कोणत्या सुरात बोलतात, हे त्यांनी मोजले. तीन गोष्टी घातक निघाल्या: सतत दोष काढणे, तिरस्कार, आणि भावनेने अतोनात गुंतणे. पहिल्या दोन कुणालाही पटतील. तिसरीशी आपण थांबायला हवे. तीस वर्षांच्या मुलाला हाताने भरवणे, तो खोलीत गेला की दाराला कान लावून बसणे, त्याच्यापायी स्वतःचे सगळे आयुष्य बंद करून टाकणे आणि ते त्याला रडून सांगणे, याला आपण आदर्श माया म्हणत आलो. मोजणीत ती धोक्याच्या बाजूला पडली. १९७६ साली क्रिस्टिन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या नऊ महिन्यांचे आकडे मांडले. या तीन गोष्टींचा ताण नसलेल्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण १३ टक्के होते. ताणाचे घर, आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोरचा सहवास आणि औषध बंद, असे तिन्ही जुळले तिथे ते ९२ टक्के होते. तशाच ताणाच्या घरात औषध चालू आणि सहवास ३५ तासांच्या आत, तर १५. हा लहान गटावरचा अभ्यास होता. पण १९९४ साली २५ अभ्यासांतल्या १,३४६ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली तेव्हाही ताणाच्या घरांत ५० टक्के आणि इतर घरांत २१ टक्के इतका फरक उरलाच. यातून औषधाचे महत्त्व कमी होते असे कुणी समजू नये. २०१२ साली ६५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या; वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के आणि थांबवलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचा आजार उलटला होता.

पहिला आक्षेप इथे येतो आणि तो रास्त आहे: खचलेल्या आईबापांच्या माथी तुम्ही आणखी एक खापर फोडता आहात. या भीतीला इतिहास आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांच्या लेखनातून स्किझोफ्रेनिया 'घडवणाऱ्या' आईची कल्पना पुढे आली. तिला पुरावा नव्हता, तरी कित्येक वर्षे डॉक्टर आयांकडे आरोपी म्हणून पाहत राहिले. तो अन्याय होता, आणि तो पुन्हा होता कामा नये. ब्राउन यांच्या परंपरेतल्या संशोधनाने आजाराचे कारण घरात शोधलेले नाही. आजार झाल्यानंतर तो कसा वागतो याचा शोध घेतला आहे. दमा धुरामुळे झाला नसेल, तरी चुलीच्या धुरात दमेकऱ्याला धाप लागते. खिडकी उघडायला सांगणे म्हणजे चूल पेटवणाऱ्या बाईला दोष देणे नव्हे. दुसरे असे की घरच्यांची टीका नेमकी कशावर असते हे तपासले तेव्हा ती बहुतेक वेळा भास-भ्रमांवर नव्हतीच. तो दहा वाजेपर्यंत अंथरुणात लोळतो, आंघोळ करत नाही, कुणाशी बोलत नाही, काम शोधत नाही, हीच तक्रार होती. हे निरुत्साहीपण आजाराचेच लक्षण आहे आणि ते भासांपेक्षाही चिवट असते. पण भास ऐकू येणारा माणूस आजारी दिसतो, लोळणारा माणूस आळशी दिसतो. ही एक माहिती पोचली की घरातला सूर पुष्कळदा बदलतो. लेफ आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ताणाच्या २४ घरांपैकी निम्म्यांना आजाराची माहिती, कुटुंबांचा गट आणि घरभेटी असे साह्य दिले. नऊ महिन्यांत इतर घरांतल्या निम्म्या रुग्णांचा आजार उलटला. साह्य मिळालेल्या घरांत हे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. घरे तशीच, माणसे तशीच. माया वाढवायला कुणी सांगितलेले नव्हते. तिला माहिती दिली होती.

दुसरा आक्षेप आपल्या अभिमानातून येतो. हे सगळे इंग्लंडचे. आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, आपल्या मायेला कुणी शिकवायची गरज नाही. या म्हणण्याला थोडा आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत केलेल्या अभ्यासात आग्र्याचे रुग्ण होते. पुढच्या अभ्यासात चंडीगडचे शहरी आणि ग्रामीण रुग्ण आले. दोन्हींत विकसनशील देशांतल्या रुग्णांची वाटचाल श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरी दिसली. १९८७ साली एन. एन. विग, लेफ आणि सहकाऱ्यांनी चंडीगडची घरे मोजली तेव्हा तिथल्या केवळ २३ टक्के नातलगांत तो घातक ताण आढळला. लंडनमध्ये तो निम्म्याच्या आसपास असे. पण त्याच चंडीगडमध्ये, जिथे तिरस्कार होता तिथे आजार उलटण्याशी त्याचा संबंधही दिसला; माणसाचे मन देश पाहून वेगळे चालत नाही. २००८ साली विक्रम पटेल आणि चेन्नईच्या आर. थारा यांच्यासह काही संशोधकांनी गरीब देशांत आजाराचा शेवट गोड होतो या समजुतीचीच फेरतपासणी केली आणि चित्र देशोदेशी खूप वेगळे असल्याचे दाखवले. आणि आकडेवारी बाजूला ठेवली तरी एरवाडी विसरता येत नाही. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तामिळनाडूतल्या त्या गावी आग लागली आणि साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले. त्यांना तिथे आणून ठेवणाऱ्यांत त्यांची घरचीच माणसे होती, तिथल्या दर्ग्याच्या पुण्याईने बरे वाटेल या आशेने आलेली. त्यांच्याकडे माया नव्हती असे म्हणणे क्रूरपणा होईल. त्यांच्याकडे डॉक्टर नव्हता, माहिती नव्हती, पर्याय नव्हता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जण उपचारांबाहेर आढळले, ते याच देशात.

माया आणि विचार यांची खरी कसोटी लागते ती एका अगदी घरगुती गोष्टीत, आणि तिच्याबद्दल उघड बोलले जात नाही म्हणून मी ती इथे मुद्दाम घेतो. रुग्ण गोळी घ्यायला तयार नसतो; मग ती कुटून वरणात, चहात, ताकात कालवून दिली जाते. आपल्याकडे हे सर्रास चालते. करणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण जिथे मानसोपचारतज्ज्ञ तीन तालुके पलीकडे बसतो आणि रात्री घरात कोयता लपवून ठेवावा लागतो, तिथे त्या आईला दुसरे काय सुचणार? एखाद्या बाक्या प्रसंगी याने जीवही वाचला असेल. तरी ही वाट म्हणून धरावी असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण नीतीइतकेच व्यवहाराचेही आहे. या आजारात पुष्कळदा संशयच मुळाशी असतो. माझ्या जेवणात काहीतरी घालतात, हा भ्रम असलेल्या माणसाच्या जेवणात आपण खरोखरच काहीतरी घालतो. ज्या दिवशी हे उघडकीस येते त्या दिवशी त्याचा भ्रम पुराव्यानिशी सिद्ध होतो आणि त्या घरातल्या कुणाच्याही हातचे पाणी प्यायलाही तो धजत नाही. बरे, उघडकीस आलेच नाही तर? मग आपण औषधाने बरे झालो हे त्याला कधीच कळत नाही, आणि पुढे आयुष्यभर स्वतःच्या हाताने गोळी घेण्याचे कारणच त्याच्यापाशी राहत नाही. विचाराची वाट लांबची आहे: डॉक्टरांशी बोलून दोन-चार आठवड्यांतून एकदा घेण्याच्या इंजेक्शनचा पर्याय तपासणे, गोळीचा त्रास काय होतो (वजन वाढते, हात थरथरतात, गुंगी येते) हे त्याच्याच तोंडून ऐकून घेणे, आणि तो त्रास कमी करण्याची मागणी त्याच्या वतीने डॉक्टरांकडे रेटणे. गोळी टाळणाऱ्याकडे बहुधा काही कारण असते, आणि ते नेहमी वेडगळ नसते.

लग्नाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यात दोन बाजू आहेत असे मला वाटत नाही. लग्न केले की सुधारेल, जबाबदारी पडली की ठिकाणावर येईल, या आशेने आजार लपवून लावलेले लग्न ही दोन जिवांची फसवणूक आहे. त्यातला एक जीव आपला असतो. नवा संसार हा ताण असतो, आणि गुपित राखायचे म्हणून गोळ्या बंद होतात. चेन्नईत थारा आणि सहकाऱ्यांनी लग्न मोडलेल्या आजारी स्त्रियांचा अभ्यास केला तेव्हा त्या बहुतांशी म्हाताऱ्या आईबापांच्याच आधाराने जगताना दिसल्या. सांगून, समजून केलेले लग्न ही वेगळी गोष्ट आहे आणि ती शक्यही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली घटस्फोटाच्या एका खटल्यात स्पष्ट केले की स्किझोफ्रेनिया हे नाव लागले एवढ्यावरून विवाह मोडता येत नाही. आजाराची तीव्रता पाहावी लागते.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. तुम्ही घरच्यांच्या मायेची आणि बुद्धीची चर्चा करता; ज्याला आजार आहे त्याच्या बुद्धीचे काय? हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण यात माझ्या मांडणीची उणीव दाखवली आहे आणि ती भरून काढण्याची वाटही. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाची विचारशक्ती कायमची जात नाही. ती काही काळ, काही विषयांत झाकोळते. मधले कित्येक महिने, वर्षे तो आपल्याइतकाच विचार करू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच गोष्टीवर उभा आहे. २०१८च्या मे महिन्यात तो अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमानुसार कुणाही प्रौढ व्यक्तीला, पुढे निर्णयक्षमता राहिली नाही तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवता येते. चौदाव्या कलमानुसार साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वेळ आलीच तर कलम ८९ खाली ते आधी जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी, अटी तपासून करावे लागते. पंचाण्णवाव्या कलमाने साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. पुष्कळ कुटुंबांना हा कायदा अडथळा वाटतो. उद्या आमचा माणूस पेटला तर आम्ही काय कागद बघत बसायचे, असे ते विचारतात, आणि तातडीच्या उपचारांना त्या कागदाची आडकाठी नाही हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. माझ्या मते आगाऊ निर्देशाचा कागद हा घरातला सर्वांत प्रेमळ दस्तऐवज होऊ शकतो. बऱ्या दिवसांत शेजारी बसून विचारायचे: पुढच्या वेळी असे झाले तर आधी काय दिसेल? झोप उडेल की फोन बंद होईल? तेव्हा कुणाला बोलवू? कोणत्या औषधाने तुला बरे वाटले होते, कोणते नको? कोणी तुझा हात धरलेला चालेल? त्या उत्तरांत त्याची बुद्धी असते, आणि वाईट दिवसांत ती त्याच्या वतीने सांभाळून ठेवणे हे आपल्या मायेचे काम.

महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही, पण या जोडीत कुणी गुन्हेगार नाही आणि कुणी ओझेही नाही. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ साली सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आजार त्यांच्या पत्नीला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटामागेही तेच उभे होते. त्यात आजारी भावाला सांभाळते ती स्वतःचा संसार असलेली बहीण. ब्राउन यांच्या लंडनमध्येही भावंडांकडे राहणाऱ्यांचे अधिक बरे चालले होते, हे इथे आठवते. बेल्जियममधल्या गेल या गावाने तर तेराव्या शतकापासून परक्या मनोरुग्णांना घरोघरी ठेवून घेतले आहे. १९३८च्या सुमाराला तिथे असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे होते. त्या शेतकरी घरांची माया आईची नव्हती. हा पूर्वी कोण होता आणि काय व्हायला हवा होता, हे दुःख त्यांना नव्हते. आज तो जसा आहे तशाला ताट वाढत, झेपेल ते काम देत. आईबापांनी परके व्हावे असे मी म्हणत नाही. पण हरवलेल्या मुलाचा शोक आणि समोर बसलेल्या मुलाची माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा भार दुसरीवर पडू न देणे त्यांना शिकावे लागते.

शिकणे शक्य आहे, आणि ते आपल्या भूमीवर घडलेही आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णांसोबत राहायला बोलावले. वेल्लोरच्या रुग्णालयानेही त्याच दशकात कुटुंबासह उपचारांची रीत सुरू केली. २०१४ साली गोवा, सातारा आणि तामिळनाडूतल्या २८२ रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरी जाऊन रुग्णाशी आणि घरच्यांशी काम करत होते. वर्षभरात लक्षणे आणि परावलंबन नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीसे अधिक कमी झाले. फरक माफक होता, आणि ठळकपणे दिसला तो तामिळनाडूत. हे मी लपवत नाही, कारण खोटी आशा याच घरांना सर्वांत महाग पडते.

उरतो तो शेवटचा आणि सर्वांत जड आक्षेप: थकलेल्या माणसाला तुम्ही आता शहाणेही व्हायला सांगता. खरे आहे. हे काम बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर असते, आणि तिच्या मनात रात्रंदिवस एकच प्रश्न असतो, आमच्यामागे याचे कोण. त्या प्रश्नाचे उत्तर तिच्या मायेत नाही, तिच्या बुद्धीतही नाही. २०१७च्या कायद्याच्या अठराव्या कलमाने सरकारवर आधारगृहांची, समाजात राहून उपचार घेण्याच्या सोयींची जबाबदारी टाकली आहे. ती पुरी होईपर्यंत कोणत्याही पुस्तकाने तिला उपदेश करण्याआधी दोनदा विचार करावा. सहवासाचा ३५ तासांचा तो आकडा मात्र सरकारची वाट न पाहता खाली आणता येतो. तुमच्या नात्यात, वाड्यात, सोसायटीत असे एखादे घर असेल तर या आठवड्यात तिथे जा. आजाराची चौकशी आधी करू नका. चहा घ्या, ज्याला आजार आहे त्याच्याशीही क्रिकेटबद्दल किंवा पावसाबद्दल बोला, त्याच्याबरोबर चौकापर्यंत चालून या, आणि तेवढ्या वेळात त्याच्या आईला बाहेर जाऊ द्या.